पहिल्यांदाच बूथवर बसताय? मग आधी हे वाचा

निवडणूक आली की आमच्या गल्लीत एक गोष्ट हमखास होते. प्रचार संपलेला असतो, सगळ्यांचे घसे बसलेले, ऑफिसात मिसळीच्या प्लेटा पडलेल्या आणि तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात येतं की शाळेतल्या तीन नंबरच्या खोलीत आपला माणूसच नाहीये. मग कोपऱ्यात बसलेल्या एखाद्या पोराला विचारतात, तू बसशील का रे, काही नसतं त्यात, नुसतं बसायचं. पहिल्या वेळेला तो पोरगा मीच होतो. नुसतं बसायचं म्हणाले म्हणून गळ्यात पक्षाचं उपरणं घालून गेलो, गेटवरच्या पोलिसाने परत पाठवलं, घरी जाऊन ते टाकून येईपर्यंत मॉक पोल, म्हणजे मतदानाआधीची मशीनची चाचणी, उरकला होता. त्यानंतर पाच वेळा बसलोय, म्हणून नवीन लोकांसाठी लिहितोय. हे सगळं लोकसभा आणि विधानसभेचं आहे. महापालिका, झेडपी, ग्रामपंचायतीचा कारभार राज्य निवडणूक आयोगाकडे, तिथे व्हीव्हीपॅट (मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी दाखवणारं मशीन) नसतं, मुंबई सोडून बाकी महापालिकांत प्रभागात एकापेक्षा जास्त मतं द्यायची असतात, त्यामुळे तिथे त्यांच्या सूचना वेगळ्या बघा.

आधी कागद

पोलिंग एजंट, म्हणजे उमेदवाराच्या वतीने केंद्रात लक्ष ठेवणारा माणूस, म्हणून आत बसायला फॉर्म १० लागतो, म्हणजे नेमणूकपत्र. त्यावर सही उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीची, म्हणजे इलेक्शन एजंटची. तालुकाध्यक्षाची नाही, नगरसेवकाची नाही, भाऊंच्या पीएची तर अजिबातच नाही. केंद्राध्यक्षाकडे त्या दोघांच्या नमुना सह्या आलेल्या असतात आणि तो जुळवून बघतो, बघायलाच पाहिजे. दरवेळी कुठेतरी घाईघाईत भलत्याचीच सही मारलेला फॉर्म घेऊन पोरं जातात आणि बाहेर उभी राहतात. फॉर्मवर तुमची पण एक सही असते, ती घरून करून नेऊ नका, केंद्राध्यक्षासमोर करायची आहे.

एका उमेदवाराला एका केंद्रावर एक एजंट आणि दोन बदली एजंट नेमता येतात, पण आत एका वेळी एकच. शक्यतो त्याच केंद्राच्या यादीतला मतदार घेतात, नाहीतर शेजारच्या केंद्रातला, आणि ते बरोबरच आहे कारण आलेला माणूस तोच आहे का हे गल्लीतल्यालाच कळतं, बाहेरून आणलेला हुशार वकील तिथे काही कामाचा नाही. तुम्ही सरकारी नोकरीत असाल तर मात्र लांब राहा, सरकारी नोकराने कुठल्याही उमेदवाराचा एजंट होणं हा गुन्हा आहे आणि तीन महिन्यांपर्यंत शिक्षा आहे.

पिशवीत टाका मतदार कार्ड, तुमच्या यादी भागाची प्रिंट, दोन पेनं, एक वही, पाण्याची बाटली, डबा, बीपीची गोळी असेल तर ती. टोपी, उपरणं, बिल्ला, चिन्ह असलेलं पेन, पक्षाचं नाव असलेली छत्री, हे काहीही नको. चिन्हाचं पेन पण कुणीतरी पकडतंच, खरंच.

शेवटचे ४८ तास

मतदान संपायची जी वेळ आहे त्याच्या आधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद. २०२४ च्या विधानसभेला २० नोव्हेंबरला संध्याकाळी सहापर्यंत मतदान होतं म्हणून १८ तारखेला सहाला भोंगे बंद झाले, असा हिशोब. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६. सभा नाही, मिरवणूक नाही, टीव्हीवर किंवा पडद्यावर प्रचार नाही, लोकांना गोळा करायला गाण्याबजावण्याचा कार्यक्रम नाही, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. शांतपणे दारोदार जाऊन भेटणं चालतं, पण चाळीस जण घोषणा देत निघाले की ती मिरवणूकच झाली, मग तुम्ही तिला काहीही नाव द्या. बाहेरच्या मतदारसंघातून प्रचाराला आलेले पाहुणे, जे इथले मतदार नाहीत, त्यांनी या वेळात निघून जायचं असतं. दारूची दुकानं पण याच हिशोबाने बंद.

पत्रकं उरली असतील तर एकदा उलटून बघा, त्यावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव आणि पत्ता असायलाच हवा (कलम १२७ अ). विरोधकाची बदनामी करणारी पत्रकं रात्री दाराखाली सरकवतात त्यांच्यावर नेमकं हेच नसतं.

आणि लक्ष्मीदर्शन. सगळ्यांना माहीत असतं आणि कुणीच बोलत नाही, तर एवढंच सांगतो, देणारा आणि घेणारा दोघंही लाचेच्या गुन्ह्यात येतात, भारतीय न्याय संहितेत एक वर्षापर्यंत कैद आहे. तुम्हाला उद्या एजंट म्हणून बसायचंय तर आज रात्री कुणाच्या पिशव्या पोचवायला जाऊ नका. कुठे वाटप दिसलं तर निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवरून फोटो किंवा व्हिडिओ टाकता येतो, १०० मिनिटांत कारवाई कळवायचं आयोगाने ठरवलेलं आहे.

बाहेरचं टेबल

आतला एजंट आणि मतदारांना नंबर शोधून देणारं पक्षाचं बाहेरचं टेबल ही दोन वेगळी कामं आहेत, आणि भांडणं बहुतेक बाहेरच होतात. केंद्राच्या १०० मीटरच्या आत मत मागणं, अमक्याला देऊ नका सांगणं, मतदानच करू नका म्हणणं, निवडणुकीचा कसलाही फलक किंवा खूण दाखवणं, सगळं बंद (कलम १३०). दंड वाचलात तर हसाल, २५० रुपयांपर्यंत. पण गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात, आणि मतदानाच्या दिवशी दुपारी बारा वाजता तुमचा मेन माणूस पोलीस स्टेशनात बसला तर ते २५० फार महागात पडतात.

टेबल कुठे लावायचं यात बदल झालाय. २०२४ पर्यंत २०० मीटरच्या बाहेर लावायचं असा नियम होता, मे २०२५ मध्ये आयोगाने तो १०० मीटरच्या बाहेर असा केला. जुने कार्यकर्ते अजून २०० च सांगतात. चुन्याची रेषा मारलेली असते ती बघा, शंका असेल तर आदल्या दिवशीच विचारून घ्या, सकाळी टेप घेऊन भांडू नका. एक टेबल, दोन खुर्च्या, उन्हाला छत्री किंवा ताडपत्री, बास. शामियाना नाही, झेंडे नाहीत. चहा-पोहे वाटायचे नाहीत, हे आमच्याकडे कुणाला पटतच नाही. किटली आली की गर्दी होते, गर्दी झाली की पोलीस येतात. ज्यांच्या बोटाला शाई लागली त्यांना गोडीत घरी पाठवा, नाहीतर सगळी म्हातारी मंडळी तिथेच गप्पा मारत बसतात.

मतदाराला नंबर शोधून जी चिठ्ठी द्यायची ती साध्या पांढऱ्या कागदावर. नाव, अनुक्रमांक, यादी भाग, केंद्र, एवढंच. चिन्ह, उमेदवाराचं नाव, पक्षाचं नाव काही नाही. मी बघितलंय, छापखान्यातून उमेदवाराच्या फोटोवाल्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे येतात, मतदार ती हातात धरून आत जातो आणि दारावर ती काढून घेतात, बिचाऱ्याला परत नंबर शोधायला पाठवतात. तुमचा मतदार तुम्हीच दमवला.

गाड्यांचं पण तेच. मतदारांना रिक्षात नाहीतर टेम्पोत घालून फुकट आणणं उमेदवाराच्या किंवा एजंटच्या खर्चाने झालं तर ते भ्रष्ट आचरणात येतं, त्यावरून निवडून आलेल्याची निवडणूक कोर्टात अडकू शकते. आपल्या आजीला आपल्या स्कूटरवर आणा, त्याला कुणाची ना नाही.

पहाटे साडेपाच, सगळ्यात महत्त्वाचा वेळ

मतदान सातला सुरू होणार असेल तर मॉक पोल साडेपाचला, म्हणजे दीड तास आधी. पाचला पोचा. एजंट आले नाहीत तर केंद्राध्यक्ष साधारण १५ मिनिटं वाट बघतो आणि मग सुरू करतो, तुम्ही झोपला होता ही तक्रार नंतर कुणी ऐकत नाही. मशीनवर वर्षभर व्हॉट्सॲपवर बोलणारी माणसं मॉक पोलला गैरहजर असतात, याचा मला फार राग येतो, कारण मशीन तुमच्या डोळ्यासमोर तपासायची ही एकच वेळ आहे.

काय होतं ते सांगतो. सुरुवातीला कंट्रोल युनिट (मतं साठवणारं, अधिकाऱ्यापाशी असलेलं मशीन) रिकामं आहे, सगळ्यांना शून्य आहे हे दाखवतात आणि व्हीव्हीपॅटचा डबा पण रिकामा दाखवतात. मग किमान ५० मतं टाकायची, नोटासकट प्रत्येक उमेदवाराला मत पडलं पाहिजे. वहीत रेघा ओढून कुणाला किती टाकली लिहून ठेवा. मग क्लोज दाबतात, रिझल्ट दाबतात, आकडे तुमच्या रेघांशी आणि चिठ्ठ्यांशी जुळवायचे. जुळले की क्लिअर. हे क्लिअर नीट बघा, पुन्हा शून्य दिसलं पाहिजे, आणि व्हीव्हीपॅटमधल्या त्या ५० चिठ्ठ्या बाहेर काढून, मागे मॉक पोलचा शिक्का मारून, काळ्या पाकिटात सील झाल्या पाहिजेत. घाईघाईत क्लिअर करायचं राहिलं तर ती ५० मतं खऱ्या मतांत मिसळून बसतात आणि मोजणीच्या दिवशी तमाशा होतो. केंद्रावरचे लोक मुद्दाम करत नाहीत हो, ते बिचारे आदल्या दिवसापासून साहित्य उचलून, शाळेच्या बाकावर झोपून आलेले शिक्षक असतात. म्हणूनच तुम्ही जागे राहायचं.

त्यानंतर हिरवं पेपर सील लागतं, त्यावर एजंटना सही करता येते, करा. सीलचा नंबर आणि कंट्रोल युनिट, बॅलट युनिट (मतदार बटण दाबतो ते), व्हीव्हीपॅट तिघांचे नंबर वहीत उतरवा. दोन मिनिटांचं काम आहे पण संध्याकाळी आणि मोजणीला हेच नंबर लागतात.

दिवसभर आत

एजंटना बसायचा क्रम ठरलेला असतो, आधी राष्ट्रीय पक्ष, मग राज्य पक्ष, शेवटी अपक्ष. खुर्चीवरून भांडू नका. आत तीन टेबलं असतात, पहिला अधिकारी ओळखपत्र बघून नाव आणि नंबर मोठ्याने वाचतो, तुम्ही ते ऐकून तुमच्या यादीत खूण करायची. दुसरा डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतो, १७ ए रजिस्टरमध्ये सही किंवा अंगठा घेतो, चिठ्ठी देतो. तिसरा ती चिठ्ठी घेऊन कंट्रोल युनिटवरचं बॅलट बटण दाबतो. मतदार आडोशाला जाऊन बटण दाबतो, व्हीव्हीपॅटच्या काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते, लांब बीप वाजते. त्या आडोशाच्या मागे तुम्ही जायचं नाही, डोकवायचं नाही, आजी मशीन कळत नाही म्हणून हाका मारत असल्या तरी नाही. त्यांना पुठ्ठ्याचं मॉडेल बाहेरच दाखवतात.

ओळखपत्रावरून वाद फार होतात. मतदार कार्ड नसेल तर बारा पर्याय आहेत, आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटोवालं बँक नाहीतर पोस्टाचं पासबुक, मनरेगाचं जॉब कार्ड, फोटोसह पेन्शनचा कागद, दिव्यांगांचं यूडीआयडी वगैरे. रेशनकार्ड त्या यादीत नाही. मतदार चिठ्ठी हे पण ओळखपत्र नाही. परदेशात राहणारे आपले लोक ओव्हरसीज मतदार म्हणून नाव लावून घेतात आणि मतदानाला येतात, त्यांना मात्र फक्त मूळ पासपोर्टच दाखवावा लागतो.

आलेला माणूस तो नाहीच अशी खात्री असेल तर आव्हान द्यायचं, म्हणजे चॅलेंज. दोन रुपये रोख भरायचे, हो दोनच, म्हणून खिशात सुट्टे ठेवा. केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतो, तुमचं खरं निघालं तर पैसे परत आणि त्या माणसाला पोलिसांकडे देतात, उगाच त्रास द्यायला केलं असं वाटलं तर पैसे जप्त. संशय आला म्हणून दर दहाव्या माणसाला आव्हान देऊ नका, रांग थांबते आणि बाहेर तुमच्याच नावाने बोंब होते. गैरहजर, स्थलांतरित, मयत यांची वेगळी यादी केंद्राध्यक्षाकडे असते, त्या नावांवर कुणी आलं की कान टवकारा.

उलटं पण होतं. खरा मतदार येतो आणि त्याच्या नावावर आधीच कुणीतरी मत टाकून गेलेलं असतं. त्याला परत पाठवू देऊ नका. प्रश्न विचारून ओळख पटली की त्याला प्रदत्त मत, म्हणजे टेंडर व्होट, मिळतं, कागदी मतपत्रिकेवर, मशीनवर नाही. ते वेगळ्या पाकिटात बंद होतं, १७ बी मध्ये नोंद होते. मोजणीच्या दिवशी ती पाकिटं उघडत नाहीत, प्रकरण कोर्टात गेलं तरच त्याचा उपयोग, हे त्याला खरं खरं सांगा.

इथे तो व्हॉट्सॲपचा मेसेज आठवला. यादीत नाव नसेल तर आधार दाखवा आणि ४९ अ खाली चॅलेंज व्होट मागा, आणि १४ टक्के टेंडर व्होट पडले की तिथे फेरमतदान. दर निवडणुकीला फिरतो आणि दोन्ही साफ खोटं आहे. यादीत नाव नाही तर मत नाही, त्या दिवशी कुणीही काही करू शकत नाही. असे चिडलेले मतदार तुमच्यासमोर येतील, त्यांच्या बाजूने केंद्राध्यक्षाशी भांडू नका.

कुणी म्हणालं की मी एक बटण दाबलं आणि चिठ्ठी दुसऱ्याची दिसली, तर त्याची पण सोय आहे. तो लेखी देतो, खोटं निघालं तर गुन्हा होईल असं त्याला आधी सांगतात, मग केंद्राध्यक्ष आणि एजंटांसमोर एक चाचणी मत टाकतात. खरं निघालं तर मतदान थांबतं. खोटं निघालं तर १७ ए आणि १७ सी (मतांच्या हिशोबाचा फॉर्म) मध्ये शेरा लागतो, कारण ते एक मत नंतर वजा करावं लागतं. त्या चाचणी मताची नोंद वहीत नक्की करा.

अंध किंवा अशक्त मतदारासोबत एक सोबती आत जाऊ शकतो, १८ वर्षं पूर्ण पाहिजेत आणि दिवसभरात एकाच मतदारासाठी. एकच दादा तिसऱ्यांदा कुणाचा तरी हात धरून आला की शांतपणे केंद्राध्यक्षाला सांगा. ओरडू नका. सगळी तक्रार त्यालाच, आणि जमेल तितकी लेखी.

तुम्ही खूण केलेली यादी केंद्राबाहेर नेता येत नाही, बाहेर जाताना केंद्राध्यक्षाकडे ठेवून जायचं. बाहेरच्या टेबलावर कोण आलं कोण राहिलं याच्या चिठ्ठ्या पाठवणं पण बंद आहे. मला माहितीये, बाहेरून खुणा करून विचारणारे असतात, बघायचंच नाही त्यांच्याकडे.

मोबाईल

आत नाही. एजंटला पण नाही. २०२४ च्या विधानसभेआधी ही बंदी उठवा म्हणून मुंबई हायकोर्टात याचिका गेली होती, ती फेटाळली गेली. २०२५ मध्ये आयोगाने केंद्राच्या दारापाशी फोन जमा करायची सोय करायचं ठरवलं आणि १०० मीटरच्या आत नेला तर बंद करून, एवढीच सूट दिली. मत देताना सेल्फी काढून स्टेटसला लावणाऱ्यांवर गुन्हे दाखल झालेत, गुप्ततेचा भंग आहे तो. तुम्ही घड्याळ घालून जा, साधं, हातातलं.

संध्याकाळी सहा

सहाला रांग असेल तर दार बंद करून रांगेतल्या सगळ्यांना केंद्राध्यक्ष सही केलेल्या चिठ्ठ्या वाटतो, आणि सुरुवात रांगेच्या शेवटच्या माणसापासून. म्हणजे मागून कुणी घुसत नाही. ज्यांच्याकडे चिठ्ठी त्या सगळ्यांचं मतदान होणार, रात्रीचे आठ वाजले तरी, आणि या वेळेला निम्मे एजंट पिशव्या उचलून गेलेले असतात. जाऊ नका.

शेवटचं मत झालं की तुमच्यासमोर क्लोज दाबतात आणि मशीनवर एकूण आकडा दिसतो. तो १७ ए मधल्या शेवटच्या नंबरशी ताडून बघा. एखाद्याने सही केली आणि मत न देताच निघून गेला असेल, तर तेवढा फरक पडतो आणि त्याची नोंद असते. मग केंद्राध्यक्ष १७ सी भरतो, म्हणजे मतांचा हिशोब, एकूण मतदार किती, मतं किती पडली, मशीनचे नंबर, सीलचे नंबर. त्याची प्रत हजर असलेल्या प्रत्येक एजंटला द्यावीच लागते, पोच घेऊन. तुम्ही मागाल याची वाट त्याने बघायची नाही असं नियमात आहे, पण दमलेला माणूस विसरतो, म्हणून मागा. सकाळी वहीत लिहिलेले नंबर त्याच्याशी जुळवा, सही आहे का बघा, आकडा खाडाखोड केलेला असेल तर तिथेच विचारा.

मशीन पेटीत गेली, सील झालं, तिथे एजंटना पण सही आणि सील करता येतं, तेवढं उरका. १७ सी ची एक झेरॉक्स स्वतःकडे ठेवा आणि मूळ प्रत उमेदवाराच्या ऑफिसात त्याच रात्री द्या, कुणाच्या हातात दिली त्याचं नाव लिहून घ्या. मोजणीच्या टेबलावर बसणारा माणूस दुसरा असतो आणि त्याला मशीन उघडायच्या आधी तोच कागद समोर लागतो, तेव्हा तो तुमच्या पॅन्टच्या खिशात धुवायला गेलेला नको.